पऱ्हाटी, भेकर आणि सत्तेचाळीसचा रिपोर्ट

एका वावरात देशी पऱ्हाटी आणि धुऱ्यापलीकडे बीटी कपाशी, असं दृश्य अकोला-यवतमाळकडे अजूनही अधूनमधून दिसतं. देशीचं फूल पिवळं, तळाशी तांबडा ठिपका. बीटीचं पांढुरकं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडणारं. मधमाशी दोन्हीकडे फिरते, इकडचे पराग तिकडे नेते, तरी वर्षानुवर्षं शेजारी राहून या दोघींची सरमिसळ होत नाही. हाताने परागीकरण करून मुद्दाम संकर घडवायला गेलं तरी बोंड बहुधा कोवळेपणीच गळतं. त्यातून एखादं टिकलं, त्याची सरकी उगवली, तर झाड चांगलं जोमात वाढतं, फुलांवर येतं आणि तिथेच थांबतं. त्याला स्वतःची सरकी धरत नाही.

याचं कारण सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतं. देशी कापसाच्या प्रत्येक पेशीत २६ गुणसूत्रं असतात, म्हणजे १३ जोड्या. बीटीचे बहुतेक सगळे संकरित वाण ज्या अमेरिकन जातीतले, तिच्यात ५२, म्हणजे २६ जोड्या. बीजात जाताना प्रत्येक जण आपली निम्मी गुणसूत्रं देतो. देशीने १३ दिली, अमेरिकनने २६ दिली, पोराच्या वाट्याला आली ३९. झाड वाढवायला ३९ चालतात, पण पुढची पिढी काढायला चालत नाहीत. का चालत नाहीत, हे एकदा कळलं की नागपूरहून आलेला गुणसूत्र तपासणीचा रिपोर्ट, म्हणजे डॉक्टर ज्याला कॅरिओटाइप म्हणतात तो, वाचायला अवघड जात नाही.

पेशीच्या केंद्रकात डीएनएचा धागा असतो. माणसाच्या एका पेशीतला हा सगळा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. एरवी तो इतका विस्कटलेला असतो की त्यात काहीच वेगळं ओळखू येत नाही. पेशी दुभंगायची वेळ आली की तोच धागा घट्ट गुंडाळला जाऊन आखूड काड्या तयार होतात. ही गुणसूत्रं. माणसात ती ४६, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. जोडीतल्या दोघांवर एकाच विषयाची जनुकं एकाच क्रमाने बसलेली असतात, मजकूर मात्र थोडाफार वेगळा असू शकतो. एकावर रक्तगट ए लिहिलेला, दुसऱ्यावर बी.

शरीर वाढताना पेशी दुभंगते तेव्हा ४६ च्या आधी प्रती निघतात आणि दोन्ही नव्या पेशींना पूर्ण ४६ मिळतात. त्या कामात जोडीदार शोधायची गरजच पडत नाही. म्हणून ३९ वालं कापसाचं झाड मजेत वाढतं. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना मात्र प्रत्येक गुणसूत्राने आधी आपला जोडीदार गाठून त्याला चिकटायचं, मग दोघांनी विरुद्ध दिशांना जायचं, असा क्रम आहे. त्यामुळे प्रत्येक बीजात दर जोडीतलं नेमकं एक पोचतं. जोडीदारच नसेल तर ते गुणसूत्र कुठे जाईल याचा नेम नाही.

आता पऱ्हाटीकडे परत येऊ. अमेरिकन कापसाची ५२ गुणसूत्रं म्हणजे खरं तर दोन जुन्या घराण्यांची बेरीज आहे. साधारण दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, आपल्या देशीच्या नात्यातल्या एका जुन्या कापसाचा आणि अमेरिका खंडातल्या एका रानटी कापसाचा संकर झाला आणि दोघांची गुणसूत्रं दुपटीने टिकली. २६ मोठी, २६ बारकी. देशीशी संकर केला की देशीच्या १३ ना अमेरिकनमधली १३ मोठी ओळखतात, कारण ती नात्यातलीच. उरलेली १३ बारकी एकटी पडतात. काही या टोकाला, काही त्या टोकाला, आणि बीज वाया जातं.

कापूस संशोधक यावर हात टेकून बसले नाहीत. ३९ वाल्या रोपाच्या कोंबाला कोल्चिसिन नावाचं औषध लावलं की गुणसूत्रांच्या प्रती तर निघतात, पण पेशी दुभंगत नाही. ३९ ची ७८ होतात. आता प्रत्येकाला आपली प्रत जोडीदार म्हणून मिळते आणि झाडाला सरकी धरते. ही सगळी खटपट कशासाठी, तर देशीची काटकता, म्हणजे पाण्याचा ताण सोसण्याची आणि तुडतुड्यांना दाद न देण्याची ताकद, लांब धाग्याच्या कापसात आणता यावी म्हणून. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेए मालिकेतले देशी वाण ज्यांनी कोरडवाहूत पेरले आहेत, त्यांना ही काटकता सांगायची गरज नाही.

हे कोल्चिसिन आपल्या जंगलातल्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या जाळासारख्या फुलांची ती वेल. कंद जहरी. तिला हात न लावलेला बरा, पण या लेखात ती आणखी एकदा येणार आहे.

आकड्यांबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाकू. गुणसूत्रं जास्त म्हणजे प्राणी पुढारलेला, असं काही नाही. कोंबडीत ७८, कुत्र्यात ७८, माणसात ४६, वाघात ३८ आणि चुलीजवळ झोपणाऱ्या मांजरातही ३८. संत्र्यात १८, तुरीत २२, सोयाबीनमध्ये ४०. आकडा सारखा म्हणून नातं जवळचं, हेही खरं नाही. गाय ६०, बकरी ६०, पण दोघींचा संकर होत नाही. उलट शेळीत ६० आणि मेंढीत ५४ असं असूनही त्या दोघी एकमेकींच्या गायीपेक्षा कितीतरी जवळच्या.

सस्तन प्राण्यांत सगळ्यात कमी गुणसूत्रं असलेलं जनावर आपल्याच जंगलात आहे. मेळघाटात, ताडोब्यात संध्याकाळी कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर. मादीत ६ आणि नरात ७, बस. चीनमध्ये याचीच एक चुलत जात आहे, दिसायला बरीचशी सारखी, आणि तिच्यात ४६. भेकराने काही गमावलेलं नाही. लहान गुणसूत्रं टोकाला टोक जोडत गेली आणि मोजकीच, पण लांबलचक उरली. नरात ७ कशी, हा प्रश्न येणारच. भेकराचं एक्स, म्हणजे नर-मादी ठरवणाऱ्या एक्स-वाय जोडीतलं गुणसूत्र, दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटून बसलं आहे. नराकडे असं जोडगुणसूत्र एकच, म्हणून त्याच्यासमोर दोन जोडीदार उभे राहतात. वाय हा एक, आणि न चिकटलेला तो दुसरा.

माणसाच्या घराण्यातही असंच एकदा घडलं आहे. चिंपांझीत ४८ आहेत. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं जुळून झालेलं आहे आणि जोडाची खूण त्यावर अजून सापडते.

आकडा जुळला नाही की वंश खुंटतो, असाही सरधोपट नियम नाही. अचलपूरची एलिचपुरी, जिला आपण नागपुरी म्हैस म्हणतो, ती ५० गुणसूत्रांची. ईशान्येकडे आणि त्यापलीकडे दलदलीत वावरणारी म्हैस ४८ ची. दोघींच्या संकरात ४९ येतात. विषम आकडा, तरी ही म्हैस गाभण राहते, फार तर थोडी उशिरा. कारण ४८ वाल्या म्हशीत दोन गुणसूत्रं नुसती जोडली गेली आहेत, आतला मजकूर तोच आहे, त्यामुळे समोरच्या दोघांना आपला जोडीदार ओळखता येतो. घोडा ६४ आणि गाढव ६२ यांच्या खेचरात मात्र ६३ येतात आणि आतली रचनाच इतकी इकडची तिकडे झालेली असते की जुळणी बसत नाही. खेचर राबतं भरपूर, वंश चालवत नाही. आकडा ही पहिली खूण. खरा प्रश्न, प्रत्येकाला आपला जोडीदार ओळखू येतो का.

आता माणसाचा कॅरिओटाइप कसा काढतात ते पाहू. हाताच्या शिरेतून थोडं रक्त हिरव्या बुचाच्या नळीत घेतात. त्या नळीत रक्त गोठू न देणारं हेपॅरिन असतं. नळी बर्फात गाडायची नाही आणि उन्हात तापवायची नाही. बाकी बऱ्याच तपासण्यांना मेलेल्या पेशी चालतात, इथे जिवंत लागतात, कारण त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या असतात. तालुक्याच्या गावी घेतलेलं रक्त एसटीने जाऊन तीन-चार दिवस पडून राहिलं तर नमुना वाया जाऊ शकतो आणि पुन्हा सुई टोचावी लागते. शक्य असेल तर माणसानेच प्रयोगशाळेच्या गावी जाऊन रक्त दिलेलं बरं.

रक्तातल्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसतं, म्हणून काम चालतं ते पांढऱ्या पेशींवर. त्या एरवी स्वस्थ असतात. त्यांना दुभंगायला लावण्यासाठी राजम्यातून काढलेलं एक प्रथिन घालतात आणि नळी शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश तापमानाला साधारण ७२ तास ठेवतात. पेशी भराभर दुभंगायला लागल्या की कोल्चिसिन किंवा त्याचंच धाकटं भावंड टाकतात. कळलावीतलं तेच. गुणसूत्रं आखूड होऊन मधोमध रांगेत उभी राहिलेली असतात, नेमक्या त्या क्षणी पेशी थबकते.

मग पेशींवर पातळ खारं पाणी सोडतात. पाणी आत शिरून पेशी टम्म फुगते आणि एकमेकांवर चढलेली गुणसूत्रं सुटी होतात. हा शोध चुकून लागला. १९५२ मध्ये टी. सी. श्यू हे संशोधक काम करत होते त्या प्रयोगशाळेत धुण्याचं द्रावण चुकून जास्त पातळ बनलं गेलं आणि काचपट्टीवर पहिल्यांदाच गुणसूत्रं मोकळी मोकळी पसरलेली दिसली. त्याआधी सुमारे ३० वर्षं सगळं जग माणसाची गुणसूत्रं ४८ मानत होतं. गुंत्यात मोजणार किती अचूक? १९५६ मध्ये जो हिन त्यियो आणि आल्बर्ट लेवान यांनी स्वीडनमधल्या लुंड इथे नीट मोजून ४६ हा आकडा पक्का केला. डीएनएची दुहेरी गोफाची रचना कळून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

पुढचं काम डोळ्यांचं. पेशींचा थेंब उंचावरून काचपट्टीवर सोडतात, गीम्सा रंग देतात, आणि प्रत्येक गुणसूत्रावर काळे-फिके आडवे पट्टे उमटतात. पट्ट्यांचा नमुना प्रत्येक जोडीचा वेगळा. तंत्रज्ञ साधारण वीस पेशींमधली गुणसूत्रं मोजतो, एका चांगल्या पेशीचा फोटो घेतो आणि गुणसूत्रं जोडीजोडीने लावतो. सगळ्यात मोठी जोडी १ नंबर, मग उतरत्या क्रमाने २२ पर्यंत आणि शेवटी एक्स-वाय. तसं पाहिलं तर सगळ्यात लहान २१ नंबर आहे, २२ नाही. नंबर देताना अंदाज हुकला आणि पुढे तसाच रूढ झाला.

असा फोटो गुरांचाही काढतात. वशिंड असलेल्या आपल्या देशी वळूच्या वाय गुणसूत्राची कंबर, म्हणजे काडीवरची आवळलेली जागा, अगदी टोकाला असते, जर्सी-होल्स्टीनच्या वायची मध्याकडे. संकरित वळूचा बाप देशी की परदेशी, हे या एका काडीवरून सांगता येतं.

आता रिपोर्ट. त्यावर एक ओळ असते आणि बाकीचं पान त्या ओळीचंच स्पष्टीकरण. ४६, एक्सएक्स म्हणजे नेहमीची मुलगी. ४६, एक्सवाय म्हणजे नेहमीचा मुलगा. ४५, एक्स म्हणजे मुलीत एक्स एकच आहे. अशा मुलीची उंची खुंटते आणि सोळा-सतरा वर्षांची झाली तरी बहुधा पाळी येत नाही. घरचे आधी बाबा-बुवाकडे नेतात, खरं तर उंची मागे पडतेय हे लक्षात येताच डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण वेळेत हार्मोन सुरू केले तर फरक पडतो. ४७, एक्सएक्सवाय म्हणजे पुरुषात एक एक्स जादा. बहुतेकांना हे कळतं ते लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी झाल्यावर. तोवर बायकोच्या दोन-चार वर्षांच्या तपासण्या आणि टोमणे होऊन गेलेले असतात.

आणि ४७, एक्सवाय, +२१. मुलगा, एकूण गुणसूत्रं ४७, जादा आहे ते २१ नंबरचं. हा डाउन सिंड्रोम. १९५९ मध्ये पॅरिसला जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कारण गुणसूत्रात असल्याचं दाखवलं. साधारण सातशे ते हजार जन्मांत एक बाळ असं असतं.

हा रिपोर्ट घरी आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "आमच्या घराण्यात तं असं कोनालेच नाही, हे आलं कुठून?" नजर सुनेकडे. मग ग्रहणात भाजी चिरली होती का, गरोदरपणी कुणाच्या मयतीला गेली होती का, अशी चौकशी सुरू होते.

घडलेलं असतं ते असं. बीजांड तयार होताना २१ नंबरची जोडी एकमेकांपासून सुटली नाही, दोन्ही एकाच बाजूला गेली. त्या बीजांडात २१ नंबरची दोन, बापाकडून आलेलं तिसरं. बाईची बीजांडं ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात आणि विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबून राहतात. पुढे ज्या महिन्यात ते बीजांड बाहेर पडायचं, तेव्हाच ते विभाजन पुढे सरकतं. म्हणजे चाळिशीतल्या बाईच्या बीजांडातली जोडी चाळीस वर्षं तशीच ताटकळलेली असते. म्हणून वयाबरोबर शक्यता वाढते. पस्तिशीत साधारण ३५० मागे एक, चाळिशीत १०० मागे एक. तरीही डाउन असलेली जास्त बाळं तरुण आयांनाच होतात, कारण बाळंतपणंच तरुण वयात जास्त होतात. काय खाल्लं, काय चिरलं, कुठे गेली याचा यात काडीचा संबंध नाही. आणि हे जादा गुणसूत्र काही वेळा बापाच्या बीजातूनही येतं.

रिपोर्टमध्ये एक गोष्ट मात्र नीट पाहायची. डाउन असलेल्या शंभरातल्या तीन-चार बाळांत आकडा ४६ च असतो, पण जादा २१ नंबर दुसऱ्या गुणसूत्राला, बहुधा १४ ला, चिकटून आलेलं असतं. हे आई किंवा बाप यांच्यातल्या एकाकडून आलेलं असू शकतं. त्या माणसात ४५ गुणसूत्रं असतात, मजकूर पुरता असतो आणि तब्येत ठणठणीत. पण पुढच्या बाळंतपणात पुन्हा तेच होण्याची शक्यता त्यांच्यात बरीच जास्त. म्हणून अशा वेळी आई-बाप दोघांचाही कॅरिओटाइप करायचा, एकट्या आईचा नाही. साधं +२१ असेल तर सहसा आई-बापाच्या कॅरिओटाइपची गरज पडत नाही. तो खर्च वाचवून बाळाच्या हृदयाची टूडी इको आधी करावी. डाउन असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात दोष असतो आणि त्यातले बरेचसे दुरुस्त होण्यासारखे असतात. थायरॉइडही बघून घ्यावं.

पोटातल्या बाळाचा कॅरिओटाइपही करता येतो, गर्भजल काढून. मात्र त्यातून मुलगा की मुलगी हे सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, विचारणंही. तसंही मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनी आपल्या लेकाकडे पाहावं. आईच्या प्रत्येक बीजांडात एक्सच असतो. एक्स द्यायचा की वाय, हे बापाच्या बीजावर. आईला खरोखर बोल लावायचाच असेल तर कोंबड्या पाळाव्यात. तिथे उलटं आहे, कोंबडीकडे दोन वेगळी गुणसूत्रं असतात आणि पिलू नर की मादी ते तिच्या अंड्यावर ठरतं. मधमाशीने तर जोडीचा प्रश्नच सोडवून टाकला आहे. राणी आणि कामकरी माश्यांत ३२, नरात सरळ १६. नर बिनबापाच्या अंड्यातून निघतो, त्याच्या पेशीत जोडी नसतेच.

कॅरिओटाइपकडून काय अपेक्षा ठेवायची नाही, तेही सांगायला हवं, कारण आपल्या भागात ही गल्लत फार होते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल आहे. "खानदानी आजार आहे ना, मग गुणसूत्रं तपासून टाका" असं लोक सहज म्हणतात. सिकलसेलच्या माणसाचा कॅरिओटाइप अगदी निर्दोष येतो, ४६ च्या ४६ जागेवर, पट्टे नीट. तलाठी कार्यालयातली बुकं मोजल्यासारखं आहे हे. बुक गहाळ आहे का, जास्त आहे का, एकाची पानं दुसऱ्यात बांधली गेलीत का, एवढं मोजणाऱ्याला कळेल. तुमच्या सातबारावर नावातलं एक अक्षर चुकलंय, ते बुकं मोजून नाही कळणार. त्यासाठी तो सातबाराच वाचावा लागतो.

सिकलसेल म्हणजे ११ नंबरच्या गुणसूत्रावर, हिमोग्लोबिनच्या एका जनुकात, डीएनएच्या एका अक्षराचा बदल. ११ नंबरची जोडी आई आणि बाप यांच्याकडून एकेक येते. दोघांपैकी एकावरच बदल असेल तर तो माणूस एएस, म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास नाही. दोन्हींवर असेल तर एसएस. त्याला हातपाय-सांधे ठणकण्याचे झटके, रक्त कमी होणं, वारंवार दवाखाना. नवरा-बायको दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, चारात दोन एएसची, चारात एक पूर्ण मोकळ्या बाळाची. पहिलं बाळ एसएस निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. दर खेपेला हिशेब नव्याने.

तपासणीला ना ७२ तास लागतात, ना जिवंत पेशी. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी करतात, काही मिनिटांत द्रावण गढूळ झालं की नाही ते दिसतं. गढूळ झालं तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं, एएस की एसएस ते नाही. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावी लागते, आणि गढूळ आलेल्या माणसाने हा दुसरा कागद हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.